बाल्डर्स गेट ३ : लेव्हल ३ ची पार्टी आणि छपरावरचे गॉब्लिन, डावपेच सांगा

खामला_क्लेरिक :
नमस्कार मंडळी. बाल्डर्स गेट ३ या आलटून पालटून टर्न खेळायच्या रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेममध्ये अडकलोय. डिफिकल्टी बॅलन्स्ड (मधली), चौघंही लेव्हल ३. माझं पात्र पॅलाडिन (योद्धा, दोन हाती तलवार), सोबत शॅडोहार्ट (क्लेरिक, उपचार करणारी), गेल (विझार्ड, जादूगार) आणि ॲस्टारियन (रॉग, लपून मारणारा). ब्लाइटेड व्हिलेज या उजाड गावात समोरच्या रस्त्यानं शिरलं की छपरावरचे गॉब्लिन बाण मारतात, खालचे अंगावर येतात, आणि तिसऱ्या राउंडपर्यंत (सगळ्यांचा एकेक टर्न झाला की एक राउंड) गेल पडलेला असतो. पॅलाडिन पुढे, बाकी तिघं मागे, जो जवळ येईल त्याला मारायचं आणि शॅडोहार्टनं दर टर्नला क्युअर वूंड्स (उपचाराचा स्पेल, म्हणजे जादू) द्यायचं, असं खेळून राहिलो. शस्त्रं ठीक आहेत, उपचाराचे पोशन आठ पडले आहेत. चुकतंय नेमकं काय?

महाल_टॅक्टिशियन :
खामला भाऊ, शस्त्रांत काही कमी नाही. तुम्ही शत्रूचे एचपी (जीवाचे गुण) मोजून राहिले, मोजायचे असतात त्याचे टर्न. या खेळात जखमी गॉब्लिन ताज्या गॉब्लिनइतकाच जोरात मारतो. एक एचपी उरलेला असला तरी त्याचा पूर्ण टर्न शाबूत असतो.

कागदावर मांडून बघा. समोर चार गॉब्लिन, प्रत्येकाचे २० एचपी. तुमच्या चौघांचा मिळून एका राउंडचा मार २०, आणि पहिला टर्न तुमचा. चौघांनी चार वेगळे गॉब्लिन धरले तर प्रत्येकाला ५ लागतात. पहिल्या तीन राउंडांत चारही जिवंत, म्हणजे तुमच्यावर १२ हल्ले, आणि चौथ्या राउंडला सगळे एकदम मरतात. आता चौघांनी मिळून एकच धरला तर पहिल्या राउंडनंतर तीन उरतात, मग दोन, मग एक. तुमच्यावर ३ अधिक २ अधिक १, एकूण ६ हल्ले. मार तितकाच, राउंड तितकेच, पण खाल्लेला मार निम्मा. गेलचं पडणं इथेच थांबतं.

म्हणून टर्न सुरू झाला की आधी प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन टी दाबा. एचपी, एसी (बचावाचा आकडा, फाशानं तो गाठला की हल्ला लागतो), कोणता सेव्ह (सेव्हिंग थ्रो, स्पेल टाळायला टाकायचा फासा) कच्चा, सगळं दिसतं. या राउंडमध्ये आपल्याच्यानं नक्की मरेल असा कोण, ते ठरवा. तो सगळ्यात जवळचा असेलच असं नाही. सहसा तो स्पेल टाकणारा किंवा धनुष्यवाला असतो, एचपी कमी आणि उपद्रव जास्त.

इतवारी_रॉग :
ॲस्टारियनबद्दल एक. त्याचा स्नीक अटॅक लेव्हल ३ ला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जादा मार देतो, पण ॲडव्हान्टेज (नेमाचे दोन फासे टाकून मोठा घेणं) असेल किंवा लक्ष्याच्या १.५ मीटरच्या आत आपला कोणी उभा असेल तरच. पॅलाडिन ज्याला भिडलाय त्यालाच ॲस्टारियननं बाण मारायचा. वेगळा गॉब्लिन निवडला की सरासरी ७ चा मार सोडून दिला. महाल भाऊंचा हिशेब आणि हा नियम एकाच दिशेला जातात.

तो लपलेला असेल तर सोबत्याची गरज नाही, लपून मारलं की ॲडव्हान्टेज मिळतं. दर टर्नला एक मुख्य ॲक्शन आणि एक छोटी बोनस ॲक्शन असते. कनिंग ॲक्शन या रॉगच्या कौशल्यामुळे लपणं बोनस ॲक्शनमध्ये होतं, म्हणून दर टर्नला आधी आडोसा, मग लपणं, मग बाण. शिफ्ट दाबून ठेवलं की शत्रूच्या नजरेचा लाल पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या बाहेर थांबूनच लपा.

खामला_क्लेरिक :
हे पटलं. पण छपरावरच्यांना पॅलाडिन पोचतच नाही. आणि गेलचा नेम इतका का चुकतो? ५५ टक्के, ४५ टक्के असंच दिसून राहिलं.

वर्धारोड_विझार्ड :
ते आकडे कुठून येतात ते सांगतो, म्हणजे बदलता येतील.

लेव्हल ३ ला प्रावीण्याचा बोनस २, मुख्य गुणाचा बहुधा ३, म्हणजे फाशावर अधिक ५. समोर एसी १५ असेल तर २० बाजूंच्या फाशावर १० किंवा वर पडायला हवं, म्हणजे ५५ टक्के. उंचीवरून लांबचा मारा केला की अधिक २, म्हणजे ६५. खालून वर मारला की उणे २, म्हणजे ४५. तुम्हाला दिसणारे ४५ तेच आहेत. वरच्या गॉब्लिनला उलट २ फुकट मिळून राहिले आहेत, म्हणून तो तुमच्यापेक्षा चांगला तिरंदाज वाटतो.

ब्लेस (नेम सुधारणारा स्पेल) असेल तर फाशावर १डी४, सरासरी अडीच, ५५ चे साडेसदुसष्ट. ॲडव्हान्टेजमध्ये दोन फासे टाकून मोठा घेतात. दोन्ही चुकण्याची शक्यता ४५ टक्क्यांचे ४५ टक्के, सुमारे २०, म्हणजे लागण्याची जवळपास ८०. डिसॲडव्हान्टेजमध्ये तेच ५५ घसरून ३० वर येतात.

हे ३० फार महत्त्वाचं. गेल किंवा ॲस्टारियनच्या १.५ मीटरच्या आत शत्रू उभा असेल तर त्यांच्या लांबच्या माऱ्याला डिसॲडव्हान्टेज लागतं. पात्रावर 'थ्रेटन्ड' अशी खूण दिसते. ती दिसली की फायर बोल्ट (आगीचा स्पेल) मारूच नका. सेव्हिंग थ्रोवर चालणारे स्पेल किंवा मॅजिक मिसाइल वापरा. मॅजिक मिसाइलचे तीन बाण चुकत नाहीत, प्रत्येकी २ ते ५. पाच-सहा एचपीवर लोंबकळणाऱ्यांना संपवायला याच्यासारखं काही नाही. तीन बाण तीन जणांवर वाटता येतात, पण वाटायचे तेव्हाच, जेव्हा प्रत्येक बाण एकेकाचा जीव घेणार असेल.

सीताबर्डी_टेकडी :
उंचीचा विषय निघाला तर आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीचंच उदाहरण घ्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई मोठी टेकडी आणि छोटी टेकडी यांच्यातच झाली. छोटी टेकडी इंग्रजांच्या हातची गेली की मोठीवरचे त्यांचे लोक तिथल्या माऱ्यात आले, आणि ती परत घेतल्यावर लढाई फिरली. ब्लाइटेड व्हिलेजमध्येही छपरं हीच छोटी टेकडी आहे. खालच्या रस्त्यावर लढत बसू नका.

क्रम असा ठेवा. समोरच्या वाटेनं न जाता गावाला वळसा घाला. गावात शिरण्याआधी जी दाबून पार्टी सुटी करा, नाहीतर एक लपतो आणि बाकी तिघं दणदण चालत येतात. शिफ्ट आणि स्पेस दाबून टर्नबेस्ड मोड लावा, म्हणजे पहारेकरी तुमच्यासोबतच थांबतील. ॲस्टारियनला शिडीनं एका छपरावर चढवा. गेलकडे लेव्हल ३ पासून मिस्टी स्टेप (क्षणात दुसऱ्या जागी पोचवणारा स्पेल) घेता येतो, बोनस ॲक्शन, १८ मीटर, तोही वर जाईल. पॅलाडिन आणि शॅडोहार्ट खाली भिंतीच्या आडोशाला.

पहिला हल्ला लपलेल्यानं केला तर ज्यांना पत्ता लागला नाही ते 'सरप्राइज्ड' होतात आणि त्यांचा पहिला टर्न जातो. वरच्या हिशेबात अख्खा एक राउंड फुकट. पण सरप्राइज सगळ्यांवर बसेलच असं नाही. एकानं जरी पाहिलं तर तो लढतो. म्हणून पहिला बाण त्याच्यावर, जो आपल्या बाकी लोकांच्या सगळ्यात जवळ आहे.

वर पोचल्यावर ढकलणं विसरू नका. शव्ह (ढकलणं) इथे बोनस ॲक्शन आहे. छपराच्या काठावरच्या गॉब्लिनवर कर्सर नेला की टक्के दिसतात. ७० च्या वर असेल तर आधी ढकला, मग खाली पडलेल्यावर पॅलाडिन सोडा. आडव्या पडलेल्यावर ३ मीटरच्या आतून हल्ल्याला ॲडव्हान्टेज असतं.

धरमपेठ_बार्ड :
वर चढणं जमलं नाही तर दुसरी वाट : फॉग क्लाउड, म्हणजे धुकं. पहिल्या लेव्हलचा स्पेल आहे, गेलला येतो. छपरावरच्या तिरंदाजांवर टाकला की आतले आंधळे होतात आणि त्यांच्या लांबच्या माऱ्याची पोच ३ मीटरवर येते. आपल्या लोकांवर टाकू नका, तीच अडचण आपल्याला होते. मधल्या वेळात खालचे संपवा.

आणि स्लीप, झोपवण्याचा स्पेल. लेव्हल १ च्या स्लॉटनं (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायची मोजकी संधी) एकूण २४ एचपीपर्यंतचे शत्रू झोपतात, सेव्हिंग थ्रो नाही. म्हणून तो टर्नच्या सुरुवातीला टाकण्यापेक्षा दोन-तीन जण जखमी झाल्यावर टाकला तर जास्त डोकी झोपतात. झोपलेल्यावर जवळून हल्ला केला की क्रिटिकलच, म्हणजे माराचे फासे दुप्पट. तिथे पॅलाडिनचा स्माइट (स्लॉट खर्चून दिलेला जादा मार) वापरा : २डी८ चे क्रिटिकलमध्ये ४डी८, सरासरी ९ चे १८. लेव्हल ३ ला पॅलाडिनकडे स्लॉट तीनच आहेत, म्हणून रिॲक्शनच्या पानावर जाऊन स्माइट 'विचारा' वर ठेवा आणि शक्यतो क्रिटिकललाच लावा.

तसं त्या गॉब्लिनांशी बोलूनही वाट काढता येते, पण तुम्ही लढाई शिकायला आलात, म्हणून ते सोडून देते.

खामला_क्लेरिक :
ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. शॅडोहार्टचं काय करू? तिनं उपचार सोडले तर लोक पडतील ना? आणि ब्लेस टाकला तर दुसऱ्याच राउंडला निघून जातो.

मानेवाडा_हीलर :
उपचारांचा हिशेब करू. शॅडोहार्टच्या विस्डमचे अधिक ३. क्युअर वूंड्स १डी८ अधिक ३, सरासरी साडेसात, तेही ॲक्शन घालवून आणि हातभर अंतरावरून. पॅलाडिनवर दोन गॉब्लिन लागले की एका राउंडला तेवढंच परत जातं. म्हणजे तिचा पूर्ण टर्न जागच्या जागी राहण्यात गेला. तोच स्लॉट गायडिंग बोल्टला दिला तर ४डी६, सरासरी १४ चा मार, आणि त्या शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज. मेलेला गॉब्लिन हाच सगळ्यात चांगला उपचार.

हीलिंग वर्ड मात्र कायम तयार ठेवा. १डी४ अधिक ३, बोनस ॲक्शन, १८ मीटरवरून. तो एचपी भरायला नाही, पडलेल्याला उठवायला वापरायचा. पडलेल्याला १ एचपी मिळाला तरी पार्टीचा टर्न परत मिळतो, आणि शॅडोहार्टची ॲक्शन शिल्लकच राहते. या खेळात एका टर्नमध्ये बोनस ॲक्शनचा स्पेल आणि ॲक्शनचा स्पेल दोन्ही चालतात, टेबलावर फासे टाकून खेळतात त्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमातलं बंधन इथे नाही. स्लॉट संपले तर 'हेल्प' देऊन उठवा, त्यात ॲक्शन जाते. पडलेल्याशेजारी शत्रू असेल तर उशीर नको : पडलेल्यावरचा हल्ला डेथ सेव्ह नापास करतो, आणि तीन नापास म्हणजे मृत्यू.

तुमचे आठ पोशन तसेच पडले आहेत ते इथे लावा. साधा हीलिंग पोशन २डी४ अधिक २, सरासरी ७, पिणं बोनस ॲक्शन. म्हणजे प्रत्येकानं आपापला उपचार करावा. दोघं-तिघं जवळ पडले असतील तर त्यांच्या मधोमध जमिनीवर पोशन फेका, सगळ्यांना लागतो. फेकायला ॲक्शन जाते एवढं लक्षात ठेवा.

वर्धारोड_विझार्ड :
ब्लेस का जातो ते. तो कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे एकाग्रतेवर टिकणारा स्पेल आहे. एका वेळी एकच असा स्पेल चालतो, दुसरा टाकला की पहिला आपोआप जातो. शील्ड ऑफ फेथ, बेन, होल्ड पर्सन हे सगळे त्याच रांगेतले. तुम्ही ब्लेसनंतर शील्ड ऑफ फेथ टाकत असाल तर ब्लेस तुम्हीच घालवून राहिले. आयकॉनवर कॉन्सन्ट्रेशनची खूण असते, टाकण्याआधी ती बघा.

दुसरं कारण मार. प्रत्येक वेळी मार लागला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, गाठायचा आकडा १० किंवा मारलेल्याचा निम्मा, दोन्हींत जो मोठा तो. २२ च्या आत मार असेल तर जवळपास कायम १०. म्हणजे एकच मोठा फटका चालतो, छोटे पाच फटके चालत नाहीत, कारण पाच वेळा फासा टाकावा लागतो. शॅडोहार्टला गर्दीतून काढा. पुढे लेव्हल ४ ला फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) म्हणून वॉर कास्टर घेता येतो, त्या सेव्हला ॲडव्हान्टेज मिळतं.

तिसरं कुणी सांगत नाही : घसरून आडवं पडलं की कॉन्सन्ट्रेशन जातं. आपल्याच पार्टीनं टाकलेल्या ग्रीसवरून (जमीन निसरडी करणारा स्पेल) किंवा बर्फावरून शॅडोहार्ट चालली की ब्लेस संपला. शत्रूसाठी केलेला चिखल आपल्या वाटेत नको.

इतवारी_रॉग :
ग्रीस पेटतोही. गेलनं ग्रीस टाकला, पॅलाडिन आत उभा, आणि कुणीतरी फायर बोल्ट मारला तर पॅलाडिन भाजतो. वेबही (जाळ्याचा स्पेल) तसाच पेटतो.

कोराडी_स्टॉर्म :
पृष्ठभागांचा विषय काढलाच आहे तर पाण्याबद्दल. 'वेट', म्हणजे ओल्या झालेल्यावर विजेचा आणि थंडीचा मार दुप्पट होतो, आगीचा निम्मा. लेव्हल ३ ला याचा स्वस्त उपयोग : शॅडोहार्टनं क्रिएट वॉटर टाकलं किंवा कुणी पाण्याची बाटली फेकली, मग गेलचा रे ऑफ फ्रॉस्ट (थंडीचा स्पेल). १डी८ चा साडेचार, दुप्पट ९, आणि गेलचा स्लॉट खर्च नाही. लेव्हल ५ ला लाइटनिंग बोल्ट मिळाला की ८डी६ ची सरासरी २८, ओल्या शत्रूवर ५६, सेव्ह जमला तरी २८.

चुकतं ते क्रमात. पाणी टाकणारा इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या रांगेत) वीजवाल्याच्या आधी हवा. डबक्यात आपला माणूस उभा असेल तर वीज पाण्यातून त्यालाही लागते. थंडीनं तेच डबकं बर्फ होतं आणि मग वर सांगितलेलं घसरणं सुरू.

सीताबर्डी_टेकडी :
इनिशिएटिव्हचं लिहितो, कारण टेबलवर खेळलेले इथेच चुकतात. तिथे २० बाजूंचा फासा, इथे १डी४ अधिक डेक्स्टेरिटी (चपळाई). फाशाचा फरक जास्तीत जास्त ३, म्हणून डेक्स्टेरिटीचा प्रत्येक एक फार वजनदार. अलर्ट फीट अधिक ५ देतो. डेक्सचे ३ असतील तर कमीत कमी ९, जवळपास सगळ्यांच्या आधी. आणि आपली माणसं रांगेत लागोपाठ आली तर त्यांचे टर्न आलटून पालटून खेळता येतात : आधी पाणी, मग वीज, मग उरलेल्यावर बाण. एक अर्धा टर्न खेळून दुसऱ्यावर जा, परत या. हे न वापरणारे खूप आहेत.

काटोलरोड_ग्रेटस्वोर्ड :
पॅलाडिनला लेव्हल ४ ला ग्रेट वेपन मास्टर घ्या आणि कायम चालू ठेवा. उणे ५ नेम, अधिक १० मार. सरळ गणित आहे.

महाल_टॅक्टिशियन :
कायम नको भाऊ. ग्रेटस्वोर्ड २डी६ अधिक ३, सरासरी १०. क्रिटिकल बाजूला ठेवून बघा. नेम ६५ टक्के असेल तर साध्यानं दर हल्ल्याला ६.५, फीट चालू ठेवून ४० टक्के गुणिले २०, म्हणजे ८. नेम ५० असेल तर ५ आणि ५, बरोबरी. ४५ ला साधा ४.५ आणि फीटचा ४. म्हणजे ५० टक्क्यांच्या खाली बंद करा. दुसरी अट : शत्रूचे ८-९ एचपी उरले असतील तर साधा फटकाच पुरतो, तिथे २० चा मार वाया आणि चुकण्याची शक्यता जास्त. पॅसिव्हच्या पानावर तो एका क्लिकनं चालू-बंद होतो.

काटोलरोड_ग्रेटस्वोर्ड :
मान्य. पण ब्लेस असला तर ५० चे साडेबासष्ट होतात, मग ६.२५ विरुद्ध ७.५. म्हणजे शॅडोहार्टचा ब्लेस टिकला तर कडक चिलखतवाल्यांवरही फीट चालतो. मारल्यावर किंवा क्रिटिकल आल्यावर बोनस ॲक्शनमध्ये जादा हल्ला मिळतो तो वेगळाच.

महाल_टॅक्टिशियन :
बरोबर. ब्लेसच्या तिघांत पॅलाडिन हवाच.

हिंगणा_लॅपटॉप :
विषयाला थोडं सोडून, पण आपल्याकडच्यांना लागणारं. एप्रिल-मे मध्ये खोली ४० अंशांच्या वर असताना लॅपटॉप तापून प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि तिसऱ्या अंकात शहरात फ्रेम पडतात. लढाई टर्नची आहे, ३० फ्रेमवर लॉक केलं तरी काही बिघडत नाही. सावल्या आणि फॉग कमी करा. जागा १५० जीबी लागते आणि ती एसएसडीवरच द्या, नाहीतर टेक्स्चर (वस्तूंवरची चित्रं) उशिरा येतात आणि शत्रूची जागाच नीट दिसत नाही.

खामला_क्लेरिक :
छपराचा डाव जमला. ॲस्टारियन आणि गेल वर, ब्लेस पॅलाडिन, ॲस्टारियन आणि गेलवर, शॅडोहार्ट भिंतीआड. तीन राउंड, कुणी पडलं नाही, पोशन दोन गेले. आता गावातल्या विहिरीखालच्या, जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळ्यांकडे निघालोय. तिथे हेच चालेल का?

धरमपेठ_बार्ड :
अर्धंच. होल्ड पर्सन तिथे निरुपयोगी, तो फक्त माणसासारख्यांवर चालतो. मोठी कोळीण जागा बदलत उड्या मारते, म्हणून पॅलाडिननं तिच्यामागे धावू नये, तिला आपल्याकडे येऊ द्या. खाली उतरण्याआधी अंडी शोधा आणि लपून, लांबून आगीनं जाळा. अंड्यांतून पिल्लं निघाली की शत्रूचे टर्न वाढले, आणि तुम्ही परत पहिल्या पानावर.

ती जाळ्याच्या पुलावर उभी राहिली की फायर बोल्ट तिच्यावर मारू नका, पुलावर मारा. जाळं जळतं, ती खाली आदळते, त्या पडण्याचा मार आपल्या कुठल्याही एका स्पेलपेक्षा मोठा. त्यासाठी गेलची ॲक्शन राखून ठेवा. आपला कुणी त्याच जाळ्यावर नाही ना, ते आधी बघा.

मानेवाडा_हीलर :
उतरण्याआधी लाँग रेस्ट (रात्रीचा मुक्काम, स्लॉट परत मिळतात) घ्या, बॅलन्स्डला ४० सप्लाय (शिदोरी) लागतात. टॅक्टिशियन या अवघड पातळीला तेच ८० होतात, म्हणून सवय आत्ताच लावा : दोन शॉर्ट रेस्ट आधी वापरून मग लाँग रेस्ट. सकाळी निघताना शॅडोहार्टकडून एड टाका, दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, पुढच्या लाँग रेस्टपर्यंत चौघांचे कमाल एचपी प्रत्येकी ५ नं वाढतात आणि कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. गेलला मेज आर्मर, एसी १३ अधिक डेक्स. लाँगस्ट्रायडर कुणाला येत असेल तर लढाईबाहेर तो स्लॉटशिवाय पडतो, प्रत्येकी ३ मीटर जास्त चालता येतं. विषासाठी पुढे राहणाऱ्या पॅलाडिनवर प्रोटेक्शन फ्रॉम पॉयझन. तेवढे दोन स्लॉट गेले की लेव्हल ३ च्या क्लेरिककडे दुसऱ्या लेव्हलचं काही उरत नाही, म्हणून खाली उतरल्यावर ब्लेस आणि हीलिंग वर्ड पहिल्या लेव्हलच्या चार स्लॉटांतच बसवायचे. एक ब्लेसला, तीन पडलेल्यांसाठी.